जो दावा हरूच शकत नाही

२०२२चे भौतिकशास्त्राचे नोबेल अ‍ॅलें आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटोन त्सायलिंगर यांना मिळाले आणि 'विश्व खरे नाही, विज्ञानाने सिद्ध केले' अशा थाटाचे मथळे जगभर फिरले. त्यावरून पेटलेला वाद अजून धुमसतो आहे. एक बाजू म्हणते, पाहणारा असल्याशिवाय पाहिले जाणारे नसतेच. उपनिषदांनी सांगितले तेच आता प्रयोगशाळेत दिसले. दुसरी म्हणते, हा निव्वळ भंपकपणा आहे. समीकरणे चालतात, उत्तरे बरोबर येतात, बाकीची चर्चा रिकामटेकड्यांची. दोन्हीकडे शिकलीसवरलेली माणसे आणि दोन्हीकडे समोरच्याची टर उडवण्याची हौस दांडगी. माझे म्हणणे असे की पहिली बाजू चुकते, पण दुसरी सांगते त्या कारणाने नाही. 'जाणीव वास्तव घडवते' हा दावा गूढ आहे म्हणून टाकाऊ ठरत नाही. भौतिकशास्त्रात याहून गूढ गोष्टी खऱ्या निघाल्या आहेत. तो टाकाऊ ठरतो, कारण आज तो ज्या रूपात मांडला जातो त्यात त्याने काहीच पणाला लावलेले नसते. प्रयोग कसाही लागो, तो जिंकतोच. जो हरूच शकत नाही त्याच्या जिंकण्याचे मोल काय धरायचे?

आधी ते नोबेल कशासाठी होते ते पाहू, कारण मथळे पुढे पाठवणारे फारसे तिथवर गेलेले दिसत नाहीत. १९३५ साली आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी एक पेच टाकला. एकत्र निघून लांब गेलेल्या दोन कणांपैकी एकाचे मोजमाप केले की दुसऱ्याचे उत्तर लगेच खात्रीने सांगता येते. मग ते उत्तर त्या दुसऱ्या कणाजवळ आधीपासूनच असले पाहिजे ना? १९६४ मध्ये जॉन बेल यांनी दाखवले की या पेचाचा निकाल प्रत्यक्ष मोजून लावता येतो. उत्तरे आधीच ठरलेली असतील आणि इथल्या मोजमापाचा तिथे तत्क्षणी परिणाम होत नसेल, तर दोन्हीकडच्या निकालांची जुळणी एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. पुढे रूढ झालेल्या मांडणीत ही मर्यादा २ आहे. क्वांटम यांत्रिकी, म्हणजे अणू आणि कणांच्या जगाचे भौतिकशास्त्र, मात्र सुमारे २.८३ पर्यंत जाऊ देते. आस्पे यांच्या १९८२च्या प्रयोगात आकडा २.७च्या आसपास आला. २०१५ मध्ये डेल्फ्ट इथे एकमेकांपासून १.३ किलोमीटरवर ठेवलेल्या दोन हिऱ्यांतल्या इलेक्ट्रॉनांवर, जुन्या प्रयोगांतल्या पळवाटा बुजवून, पुन्हा मोजले. मर्यादा पुन्हा मोडली. यातून एवढेच निघते की 'उत्तरे आधी ठरलेली' आणि 'दूरवर तत्क्षणी परिणाम नाही' ही दोन गृहीतके एकत्र नांदू शकत नाहीत. (काय मोजायचे ते मुक्तपणे निवडता येते, हे तिसरे गृहीतक सोडावे असे म्हणणारेही थोडे आहेत.) कोणते सोडायचे ते प्रयोग सांगत नाही. डेव्हिड बोम यांच्या १९५२च्या सिद्धान्तात प्रत्येक कणाला प्रत्येक क्षणी निश्चित जागा असते, कोणी पाहो न पाहो. दूरचा परिणाम तिथे उघडपणे पत्करला आहे आणि भाकिते तीच येतात. म्हणजे ज्या प्रयोगाने विश्वाचे खरेपण संपवले असे सांगतात, त्याच प्रयोगासमोर एक पक्का वास्तववादी सिद्धान्त ताठ उभा आहे. आणि यात जाणीव कुठे आली? डेल्फ्टमध्ये काय मोजायचे ते यंत्राने निवडले, निकाल यंत्राने नोंदवला, माणसाने तो मागाहून वाचला.

तरीही पहिल्या बाजूकडे एक भक्कम मुद्दा आहे, आणि तिच्या पुष्कळशा समर्थकांना तो नीट मांडता येत नाही म्हणून मीच मांडतो. क्वांटम यांत्रिकीचे मूळ समीकरण कणाच्या अनेक शक्यता एकाच वेळी सांभाळत पुढे सरकते. त्यातली एक निवडा असे ते कधीच म्हणत नाही. आपल्याला मात्र दर मोजमापाला एकच उत्तर दिसते. मग निवड होते कुठे? १९३२ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी दाखवले की मोजणारे उपकरणही त्याच समीकरणात घातले, तर तेही शक्यतांच्या मिश्रणात जाऊन बसते. उपकरण पाहणारा डोळा घातला तर डोळाही, मेंदू घातला तर मेंदूही. ही साखळी कुठे तोडायची ते गणित ठरवत नाही. कुठेही तोडा, उत्तर तेच. तीत जातीने वेगळी वाटणारी कडी एकच, ती म्हणजे प्रत्यक्ष अनुभव. १९३९ मध्ये फ्रिट्झ लंडन आणि एडमंड बाउअर यांनी, आणि १९६१ मध्ये युजीन विग्नर यांनी तिथेच बोट ठेवले. विग्नर हे काही कोणी बाबा-बुवा नव्हेत. दोनच वर्षांनी त्यांना नोबेल मिळाले. डीकोहेरन्सने हा प्रश्न कायमचा मिटवला असे दुसरी बाजू ठोकून देते, तेही खरे नाही. आसपासच्या हवेशी, प्रकाशाशी संबंध आला की शक्यतांमधले व्यतिकरण, म्हणजे लाटांसारखे एकमेकींत मिसळणे, का पुसले जाते, हे डीकोहेरन्स उत्तम सांगते. उरलेल्या शक्यतांपैकी नेमकी हीच का घडली, हे ते सांगत नाही.

प्रश्न उघडा आहे हे मान्य. पण उघड्या प्रश्नात कोणीही शिरून घर करावे असे थोडेच असते? साखळी कुठेही तोडली तरी निकाल तोच, ही गोष्ट जाणीववाद्यांच्या विरोधातही जाते. जाणिवेपाशी तोडल्याने निकालात काडीचा फरक पडत नसेल, तर त्याच निकालाकडे बोट दाखवून 'पाहा, जाणीव सिद्ध झाली' असे कसे म्हणणार? व्हिएन्नामधला २००४चा एक प्रयोग इथे आठवावा असा आहे. कार्बनच्या ७० अणूंचे मोठे रेणू जाळीतून पाठवले तर त्यांचेही लाटांसारखे व्यतिकरण दिसते. प्रयोगकर्त्यांनी ते रेणू लेसरने तापवत नेले. तापलेला रेणू प्रकाश बाहेर टाकतो, आणि तो प्रकाश रेणू कुठे होता याची खूण घेऊन जातो. तापमान वाढत गेले तसे व्यतिकरण फिके होत होत नाहीसे झाले. तो निसटलेला प्रकाश कोणी पकडला नाही, वाचला नाही. खूण निघून गेली एवढे पुरले. क्वांटम यांत्रिकीचे एक जनक हायझेनबर्ग यांनी १९५८ मध्येच बजावले होते की निरीक्षक आला म्हणजे निसर्गाच्या वर्णनात मनाचे काही आले असे समजू नये. नोंद करणारा माणूस असो की उपकरण, फरक पडत नाही.

आणि माणूस नव्हताच त्या काळाचे काय? आफ्रिकेत गॅबॉन देशातल्या ओक्लो इथे १९७२ मध्ये युरेनियमच्या खाणीत एक नैसर्गिक अणुभट्टी सापडली. सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी ती लाखो वर्षे आपोआप चालली होती. खडकात अडकलेल्या झेनॉन वायूवरून पुढे असे कळले की ती साधारण अर्धा तास पेटे आणि अडीच तास विझलेली राही, कारण पाणी उकळून गेले की साखळी तुटे आणि पाणी परत झिरपले की जुळे. अणूचे विखंडन ही अस्सल क्वांटम घटना. मग त्यातले प्रत्येक विखंडन १९७२ पर्यंत 'घडले आणि न घडले' अशा अवस्थेत कोणाची वाट पाहत थांबले होते? बेल यांनी हाच प्रश्न खवचटपणे विचारला होता: जग पहिल्या एकपेशीय जीवासाठी खोळंबले होते, की डॉक्टरेट मिळवलेल्या कोणासाठी?

यावर एक उत्तर असते, आणि तर्काने ते खोडता येत नाही: हो, पाहिले गेले तेव्हाच तो भूतकाळ ठरला. खोडता येत नाही, हेच त्याचे दुखणे. १८५७ मध्ये फिलिप गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने जीवाश्मांच्या पेचावर असाच तोडगा काढला होता. पृथ्वी थोड्याच हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली, पण देवाने ती जुनी दिसेल अशीच, पोटात जीवाश्म घालूनच निर्माण केली. कुठलाही खडक फोडा, गॉस बरोबरच! भूशास्त्रज्ञांना ते पटले नाही आणि धार्मिकांनाही रुचले नाही, कारण सर्व काही पचवणाऱ्या त्या कल्पनेपासून शिकण्यासारखे कोणालाच काही मिळत नव्हते.

विग्नर मात्र असे नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. जाणीव असलेल्या जीवांपाशी क्वांटम यांत्रिकीचे समीकरणच बदलावे लागेल, असे त्यांनी लिहिले. म्हणजे त्यांनी काहीतरी पणाला लावले. पुढे डीटर त्सेह यांचे डीकोहेरन्सवरचे काम पाहिल्यावर आणि 'मग जग एकट्या माझ्याच मनात' या टोकाला आपण जाऊ ही अडचण जाणवल्यावर त्यांनी ती भूमिका सोडली. त्यांचा १९६१चा लेख आजही प्रमाण म्हणून पुढे केला जातो, त्यांची माघार क्वचितच.

मोठ्या नावांचा दुसरा आधार म्हणजे क्वांटम यांत्रिकीचे ते मूळ समीकरण मांडणारे श्रोडिंगर. त्यांना वेदान्त मनापासून पटला होता, यात शंका नाही. १९४४ साली जीवशास्त्रावर लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकाच्या शेवटीही ते आत्मा आणि ब्रह्म एक असल्याचे सांगतात. पण तारखा पाहाव्यात. वेदान्तावरचे त्यांचे चिंतन १९२५च्या शरद ऋतूत कागदावर आले होते. तरंगांचे समीकरण त्यानंतर, १९२६च्या आरंभी आले. भौतिकशास्त्राने त्यांना वेदान्ताकडे नेले नाही. उलट १९५८ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत ते स्पष्ट सांगतात की ज्ञाता आणि ज्ञेय यांच्यातली भिंत अलीकडच्या प्रयोगांनी पाडली असे म्हणता येत नाही, कारण ती भिंत मुळात नव्हतीच. म्हणजे ज्याला साक्षीदार म्हणून बोलावले तोच सांगतो की माझी साक्ष या खटल्यातली नव्हे.

आणि ज्या वेदान्ताचा विजय साजरा होतो आहे, तो तरी असे म्हणतो का? ब्रह्मसूत्रांत 'नाभाव उपलब्धेः' असे सूत्र आहे. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य 'बाह्य वस्तू नाहीत, आहे ते केवळ ज्ञान' असे म्हणणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांचा समाचार घेतात. खांब, भिंत, घडा, वस्त्र यांचा अनुभव येतो तो ज्ञानाचा विषय म्हणून. खांब म्हणजे आपलेच ज्ञान असा अनुभव कोणालाच येत नाही. लगेच पुढच्या सूत्रात ते जागेपणीचा अनुभव स्वप्नासारखा मानायला नकार देतात. व्यवहाराच्या पातळीवर जग पाहणाऱ्याच्या मनावर टांगलेले नाही, हे अद्वैताच्या सर्वांत मोठ्या आचार्यांचे म्हणणे. शंकराचार्यांच्या आधीचे अद्वैती आचार्य गौडपाद वेगळ्या सुरात बोलतात आणि प्रकाशानंदांचा दृष्टिसृष्टिवाद तर 'पाहणे हीच निर्मिती' इथवर जातो, हे मला मान्य आहे. परंपरा एकसुरी कधीच नव्हती. पण त्यांच्यापैकी कोणीही ब्रह्म सिद्ध करायला इंद्रियांच्या साक्षीवर विसंबले नाही. गीताभाष्यात शंकराचार्य म्हणतात की 'अग्नी थंड आहे' असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण होत नाही, कारण तो प्रांत प्रत्यक्षाचा. ब्रह्म इंद्रियांचा विषय नाही, हेही तेच सांगतात. इतकी नीट आखलेली हद्द पुसून फोटॉनाच्या (प्रकाशकणाच्या) शोधयंत्राकडून ब्रह्माचा दाखला मागणे म्हणजे वेदान्ताचा गौरव म्हणायचा का?

असा दाखला याआधीही मागून झाला आहे. १८९६ मध्ये स्वामी विवेकानंदांनी एका पत्रात मोठ्या उत्साहाने लिहिले की निकोला टेस्ला यांना बल आणि द्रव्य दोन्ही स्थितिज ऊर्जेत विरघळतात हे गणिताने दाखवता येईल असे वाटते. तसे झाले तर वेदान्ताची विश्वरचना अत्यंत भक्कम पायावर उभी राहील. त्या काळच्या मांडणीत आकाश या तत्त्वाची जोडी भौतिकशास्त्रातल्या ईथरशी, म्हणजे प्रकाशाच्या लाटा वाहून नेणारे म्हणून मानलेल्या माध्यमाशी, लावली जात असे. टेस्ला यांचे गणित आले नाही. मायकेलसन आणि मॉर्ले यांना १८८७ मध्येच ईथरचा वारा सापडला नव्हता. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी ईथरची गरजच संपवली. मग वेदान्त कोसळला का? त्याला ओरखडाही उठला नाही. कारण तो त्या पायावर उभाच नव्हता. पाया गेल्यावर ज्या इमारतीला काही होत नाही, तिला नवा पाया मिळाल्याचा आनंद कसा करायचा? विवेकानंदांचा प्रामाणिकपणा असा की त्यांनी 'तसे झाले तर' असे लिहिले. आजच्या लेखनातून तो 'तर' गळून पडला आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे. 'गप्प बसा आणि आकडेमोड करा' हे तिचे ब्रीद. (हे वाक्य रिचर्ड फाइनमन यांच्या नावावर खपवले जाते, छापले ते डेव्हिड मर्मिन यांनी, १९८९ मध्ये.) या ब्रीदाने काय साधले? बेल यांचा १९६४चा निबंध कित्येक वर्षे जवळपास दुर्लक्षित राहिला. क्लाउझर यांनी १९७२ मध्ये स्टुअर्ट फ्रीडमन यांच्यासह पहिला प्रयोग केला, तेव्हा अशा कामात तरुणाने वेळ घालवू नये असेच वातावरण होते. आणि त्या काळात बेल यांच्या सिद्धान्तावर हिरिरीने बोलणारे कोण होते? १९७५ पासून बर्कलीत जमणारा भौतिकशास्त्रज्ञांचा एक अवलिया गट. त्यांना टेलिपथी, जाणीव, पूर्वेकडचे अध्यात्म यांत रस होता. आजच्या दुसऱ्या बाजूने त्यांना दारातही उभे केले नसते. त्यांच्यापैकी निक हर्बर्ट यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकाशाहून वेगाने संदेश पाठवण्याची एक युक्ती मांडली. ती चुकीची होती. परीक्षक आशेर पेरेस यांना ती चुकीचीच आहे याची खात्री होती, तरी त्यांनी ती छापा असे सुचवले, कारण चूक नेमकी कुठे आहे हे शोधताना काहीतरी हाती लागेल असे त्यांना वाटले. लागलेही. १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, अज्ञात क्वांटम अवस्थेची नक्कल करता येत नाही हा सिद्धान्त मांडला. आजच्या क्वांटम सांकेतिकीची सुरक्षितता त्यावर उभी आहे. थट्टा करणाऱ्यांनी या इतिहासाकडे नीट पाहावे. हर्बर्ट विक्षिप्त असतीलही, पण त्यांची युक्ती एका ठिकाणी मोडेल इतकी नेमकी होती, म्हणूनच तिच्या मोडण्यातून एवढे निघाले.

रॉजर पेनरोझ यांनाही मी याच पंक्तीत बसवतो. मेंदूतल्या पेशींच्या सूक्ष्मनलिकांमध्ये क्वांटम अवस्था टिकतात, गुरुत्वाकर्षणामुळे त्या कोसळतात (अनेक शक्यतांतली एकच उरते) आणि त्या कोसळण्यातून जाणिवेचा क्षण जन्मतो, ही त्यांनी आणि स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी मांडलेली कल्पना. त्यांचे नाव घेऊन 'जाणीव वास्तव घडवते' असे सांगणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही: इथे बाण उलट दिशेला आहे. अवस्था कोसळते आणि म्हणून जाणीव होते. २००० साली मॅक्स टेगमार्क यांनी हिशेब मांडला की मेंदूच्या उबेत अशा अवस्था सेकंदाच्या दहा हजार अब्जाव्या भागाइतक्या किंवा त्याहूनही कमी काळ टिकतील; चेतापेशींचा कारभार तर सेकंदाच्या हजाराव्या भागांत चालतो. हॅमरॉफ आणि सहकाऱ्यांनी तो हिशेब अमान्य करून आपला दिला. २०२० मध्ये ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापाने गुरुत्वाकर्षणाने कोसळण्याच्या मांडणीचे सर्वांत सोपे रूप बाद केले. मला ही कल्पना पटत नाही. पण तिच्याशी आकड्यांनी भांडता येते, आणि ती जखमी होऊ शकते.

जाणिवेचा प्रश्न खरा आहे, आणि तो क्वांटमच्या कुबड्यांशिवाय उभा आहे. चेतापेशींच्या विजेतून लाल रंगाचे लालपण कसे येते, हे कोणालाच समजावून सांगता आलेले नाही. १९९५ मध्ये डेव्हिड चाल्मर्स यांनी याला जाणिवेचा कठीण प्रश्न म्हटले. मात्र विजेच्या जागी सुपरपोझिशन, म्हणजे शक्यतांचे ते मिश्रण, ठेवल्याने ती दरी एका बोटाने तरी अरुंद होते का? कोसळणाऱ्या अवस्थेला काही वाटावे, यात धावणाऱ्या विजेला काही वाटण्यापेक्षा कमी नवल आहे का? १८०३ च्या जानेवारीत लंडनमध्ये जोव्हानी अल्डिनी यांनी फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेतातून वीज सोडली. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. तेव्हाच्या पाहणाऱ्यांना जीवनाचे रहस्य हाती आल्यासारखे वाटले, कारण वीज ही त्या काळची सर्वांत नवी आणि सर्वांत न कळणारी गोष्ट होती. प्रत्येक पिढी मनाचे कोडे आपल्या काळातल्या सर्वांत अनाकलनीय भौतिकशास्त्राच्या हवाली करते. दोन न कळलेल्या गोष्टी शेजारी ठेवल्या की एकमेकींसारख्या दिसतात, हे त्यामागचे साधे कारण.

चांगला वाद कसा असतो तेही पाहायला मिळते. १४ जुलै १९३० रोजी जर्मनीत कापुथ इथल्या घरी आइन्स्टाइन आणि रवींद्रनाथ ठाकूर बोलत बसले होते. सत्य मानवाशिवाय असू शकत नाही, हे रवींद्रनाथांचे म्हणणे. घरात कोणी नसले तरी हे टेबल जिथे आहे तिथेच राहते, हे आइन्स्टाइन यांचे. रवींद्रनाथ उत्तरले की ते एका व्यक्तीच्या मनाबाहेर राहते, विश्वमनाच्या बाहेर नाही. आइन्स्टाइन यांनी कबूल केले की आपली श्रद्धा सिद्ध करता येत नाही, पण ती सोडताही येत नाही. मग मीच तुमच्यापेक्षा जास्त धार्मिक ठरतो, असे ते हसत म्हणाले असावेत असे वाचताना वाटते. त्या दिवशीच्या संवादात रवींद्रनाथांनी क्वांटम यांत्रिकीचा आधार घेतला नाही. ती तेव्हा ताजी होती, आइन्स्टाइन तिच्याशी झुंजत होते, हत्यार आयते मिळण्यासारखे होते. रवींद्रनाथ आपल्या तत्त्वज्ञानाच्या बळावर बोलले.

ज्यांना भौतिकशास्त्राच्या मैदानातच उतरायचे आहे, त्यांच्यासाठी जागा मोकळी आहे. विग्नर यांच्या कल्पनेत एक मित्र बंद प्रयोगशाळेत मोजमाप करतो आणि विग्नर बाहेरून मित्रासकट त्या प्रयोगशाळेला एकच क्वांटम प्रणाली मानतात. मित्राला उत्तर मिळालेले असते. विग्नरसाठी ते अजून ठरायचे असते. २०१९ मध्ये एडिनबरामध्ये सहा फोटॉन वापरून, आणि २०२० मध्ये ब्रिस्बेनच्या गटाने बेल यांच्यासारखीच एक नवी मर्यादा काढून, या प्रसंगाची छोटी प्रतिकृती करून पाहिली. मर्यादा मोडली. पण तिथे मित्राची भूमिका होती फोटॉनाकडे, आणि फोटॉनाने 'पाहिले' असे फार थोडे लोक म्हणतील. डेव्हिड डॉइच यांनी १९८५ मध्येच सुचवले होते की पुरेसा मोठा क्वांटम संगणक मिळाला तर त्यात चालणारा, विचार करणारा प्रोग्रॅम असा मित्र होऊ शकेल. विग्नर यांची जुनी भूमिका खरी असेल, तर जाणीव असलेला मित्र आत बसवताच ती मर्यादा मोडायची थांबली पाहिजे. तेव्हा जाणीववाद्यांनी प्रयोगाच्या आधी लिहून द्यावे: जिवाणू मित्र म्हणून चालेल का? उंदीर? प्रोग्रॅम? जाणीव नेमकी कोणत्या पायरीवर सुरू होते असे त्यांना वाटते? आणि त्या पायरीवरही मर्यादा मोडली, तर ते आपले कोणते वाक्य मागे घेतील?